देवरावजींच्या वाट्याचं संत्रं

देवरावजी डायलिसिसला यायचे ते खिशात संत्रं घेऊन. पलंगावर पडले की डोळे मिटून मनसोक्त वास घ्यायचे आणि मग ते शेजारच्या पलंगावर माझ्या नाकाशी धरायचे. "घ्या गा साहेब. खायले मनाई आहे, वासाले कोनाची मनाई?"

सगळा जन्म कळमन्याच्या बाजारात संत्र्यांची अडत करण्यात गेला आणि किडन्या गेल्यावर पथ्यात पहिलं नाव आलं संत्र्याचंच. देवानं थट्टा करावी तरी किती? मी मुळात चिडका माणूस, सुरुवातीला मला त्यांचा रागच यायचा. पुढे त्या वासाशिवाय मशीनचे चार तास जाईनात.

त्यांना घोर एकाच गोष्टीचा होता, मुलाचा. सुनील चाळिशीला आलेला. डोकं दुखलं की गोळी तोंडात टाकायचा, पण बीपी तपासायचं नाव काढलं की उठून जायचा. "मीबी असाच बीपी न मोजता गोळ्या खाऊन राहिलो होतो साहेब," देवरावजी म्हणायचे. "काही होत नाही म्हनता म्हनता इथं येऊन पडलो. आता हा माह्याच वाटेनं येऊन राहिला."

किडनीच्या आजाराची लोकांना जाण यावी म्हणून नागपूरच्या नंदनवन भागात एका सकाळी पदयात्रा निघाली. देवरावजींनी हट्टानं नाव दिलं आणि एकट्यानं चालणं होत नाही म्हणून सुनीललाही ओढून आणलं. पायांवर सूज होती. दर कोपऱ्यावर थांबायचे आणि मला सांगायचे, "दम नाही लागला, दुकानं पाहून राहिलो."

मैदानावर पोचलो, तर आयोजकांनी आम्हा पेशंटांचं स्वागत केलं संत्री देऊन. टोपलीच्या टोपली. नागपूरकर पाहुण्याच्या हातावर दुसरं ठेवणार तरी काय? प्रेमानं दिलेलं नाकारवेना, म्हणून आम्ही सगळे हातात संत्रं धरून एकमेकांकडे बघत उभे. हसावं की रडावं ते कळेना.

देवरावजींनी सगळ्यांची संत्री दुपट्ट्यात गोळा केली आणि तपासणीच्या मंडपापाशी खुर्ची टाकून बसले. "बीपी मोजा, संत्रा घ्या. आमच्या वाट्याचा आहे, मोजल्याबिगर नाही भेटनार." बाजारात कमावलेला आवाज तो. फिरायला आलेल्या बायका, दूधवाले, बंदोबस्तावरचा हवालदार, सगळे हसत हसत रांगेत लागले. "काहून भेतं वं बाई? सुईबी नाही टोचत."

शेवटी एक संत्रं उरलं. सुनील म्हणाला, "चला बाबा, उशीर होऊन राहिला."

देवरावजी हलले नाहीत. आवाज एकदम खाली आला. "हा तुह्या वाट्याचा आहे. मी नुसता वास घेऊन राहिलो रे. तू तरी खाय."

सुनील बाही वर करत मंडपात गेला. आकडा बघून तपासणाऱ्या मुलीनं लगेच डॉक्टरांना हाक मारली. तो बाहेर आला तेव्हा देवरावजींनी संत्रं सोललं, शिरा काढल्या आणि त्या एवढ्या थोरल्या माणसाला एकेक फोड भरवली. माझे डोळे भरून आले, खोटं कशाला सांगू.

पुढच्या वर्षी होळीच्या आधी देवरावजी गेले. तेरवी झाल्यावर सुनील आमच्या डायलिसिसच्या खोलीत आला. शेजारच्या पलंगावर नवा पेशंट होता. सुनीलनं खिशातून संत्रं काढून माझ्या नाकाशी धरलं. "घ्या काका."

मी विचारलं, "बीपीची गोळी घेतली का रे आज?"

"घेतली. रोजच घेतो."

"मग सोल."

तो माझ्या उशाशी बसून खात राहिला आणि मी डोळे मिटून वास घेत राहिलो.