पिठाचं बोट

मी पाढे म्हणायला लागले की इचलकरंजीतले माग थांबतात, असं आमच्या घरी म्हणतात. ही अतिशयोक्ती आहे. आवाज अलीकडच्या हातकणंगल्यापर्यंतच जातो. एवढा आवाज असूनही माझ्या तिसरीच्या वर्गाचं वाचन काही सुधारेना. पालिकेची शाळा, पोरांचे आईबाप उजाडायच्या आत कामावर. वाचन सुधारावं म्हणून वरून भरायला इतके तक्ते आले, की ते अंथरून मी रंकाळा तलाव कोरड्या पायांनी ओलांडला असता. सगळे भरले. वाचन होतं तिथंच.

शेवटी पालकसभेत सांगितलं, रोज संध्याकाळी पोरानं एक पान मोठ्यानं वाचायचं, आईनं ऐकायचं.

"आमाला कुठं वाचता येतंय, बाई?" खानावळीत भाकऱ्या करणारी एक आई म्हणाली. तिच्या भाकरीचा पापुद्रा असा, की त्यातून पलीकडचा पेपर दिसावा.

"ऐकता येतंय की. तेवढंच करा."

"ऐकते. पण दिवाळीपतोर बघणार. न्हाय आलं, तर पोरीला घेऊन जाते भाकऱ्या थापायला."

पोरगी शेजारीच उभी होती. आठवडाभरात आईचा निरोप आला, पोरगी झकास वाचते. वर्गातही घडाघडा म्हणायचीच. मी तक्त्यात 'उत्तम' लिहून मोकळी झाले.

पुढच्या गुरुवारी मधल्या सुट्टीत आई पिठाच्या हातांनीच आली.

"बाई, तुमच्या पुस्तकातला कोल्हा सोमवारी एकटा हुता. मंगळवारी त्येचं लगीन झालं. काल जुळी झाली."

"मग?"

"पान तेच हाय की. कोपऱ्याला माझं पिठाचं बोट उठलंय."

मग उलगडलं. वर्गात तिचा नंबर शेवटचा. तोवर धडा ऐकून ऐकून पाठ. घरी मात्र वर्गात न झालेलं पान, तिथं कोल्हा मनानंच रचायची. मी इतकी प्रशिक्षणं घेतलीत, की नुसत्या बिस्किटांवर एक पिढी वाढली असती. पण वाचणाऱ्याचा कोल्हा दुसऱ्या दिवशीही तोच असतो, हे तिथं कुणी सांगितलं नव्हतं.

सगळ्या आयांना निरोप धाडला, पानाला पिठाचं बोट लावा, तेच पान दोन दिवस ऐका. आठवड्यात निम्मा वर्ग सापडला. एकाच्या कोल्ह्यानं तर जेसीबी घेतला होता. सापडलेल्यांना घेऊन रोज मधल्या सुट्टीत अक्षरापासून बसले. 'उत्तम' इतकं खोडलं, की तक्ता फाटला. हळूहळू वर्ग एकाच कोल्ह्यावर यायला लागला.

दिवाळीच्या सुट्टीआधी ती भाकरीवाली आई येऊन वर्गाच्या दारात बसली. पोरीनं तेच पान काढलं. बोट ठेवून वाचलं, इतकं सावकाश की बाहेर दोन बस येऊन गेल्या. कोल्हा नदीवर आला, पाणी प्यायला, निघून गेला. आई उठून कामावर गेली. दुसऱ्या दिवशी परत हजर. परत तेच पान. कोल्हा आला, पाणी प्यायला, गेला.

"आई, खरा कोल्हा लई साधा हाय," पोरगी जरा नाराजच होती.

"असू दे साधा." आईनं पदराला पीठ पुसलं. "म्होरलं पान काढ. भाकऱ्या मी एकटी थापते."