सेफ्टीवाले मामा

“डोळं काढा स्क्रीनवरनं! लांब बघा की!”

कागल एमआयडीसीतल्या आमच्या ऑफिसात सेफ्टीवाले मामा असे ओरडले, की तिकडं कोडोलीच्या म्हशी पान्हा चोरायच्या. आमचं नाक आणि स्क्रीन यांच्यात स्वतःचा हात घालून ते अंतर मोजत, आणि मधे नाक आलं तर नाकाला माफी नसे.

आज नवे साहेब सकाळपासून जागचे हलले नव्हते. डोळे संकेश्वरी मिरचीसारखे लाल. मामांनी हटकलं, विनवलं, शेवटी स्क्रीनची वायरच उपटली.

“उद्यापासून कामावर येऊ नका!” साहेब किंचाळले.

मामा माझ्या टेबलाशी आले. स्क्रीनवर वाकूनच मी कुजबुजलो, “मामा, नोकरी गेली की तुमची!”

“व्हय,” ते म्हणाले. “तू पाठ टेक.”