घरट्यातला कापूस

घरात तिला सगळे ताई म्हणत. प्राणिशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला होती, बोलायला लागली की कुणाच्या बापाला आवरायची नाही, आणि प्रयोगशाळेतल्या पांढऱ्या उंदरांवर तिचा भारी जीव. आपल्या औषधाने हे भांडखोर नर शांत होतात, असा प्रयोगशाळा चालवणाऱ्या सरांचा दावा होता. आणि होतेही बिचारे शांत!

एकदा पाहुणे यायचे होते. सर गरजले, "सगळं चकचकीत हवं!" एरवी पिंजरा धुतल्यावर ती घरट्यातला थोडा जुना कापूस परत टाकायची, निव्वळ कंटाळा म्हणून. त्या दिवशी तोही फेकला. झालं! ओळखीचा वास गेला आणि उंदीर एकमेकांवर तुटून पडले. एकाचा कान गेला, दुसऱ्याचं पोट फाटून आतडी बाहेर आली, काही तर मेलेच. सोडवायला हात घातला तर तिच्या अंगठ्यात दात रुतले. औषध तर सगळ्यांना सकाळीच दिलेलं होतं.

"सर, शांतता औषधाची नसेलच. जुन्या कापसाची असेल. पुन्हा करून बघू या?"

"आजाराने मेले असं लिही आणि सही कर."

"पण आजार कुठे होता, सर?"

सरांनी तिचं मनगट धरलं, बोटं टेबलाच्या खणात कोंबली आणि लाथेने खण बंद केला. मग पुन्हा एकदा. हाडं मोडल्याचा आवाज तिने ऐकला. "सही नाही तर पदवीही नाही," म्हणत तो मेला हात धुवायला गेला.

घरी तिने बोटं प्रयोगशाळेच्या दारात सापडली म्हणून सांगितलं. बाबा सुतार. "असलं कसलं दार बसवलं गाढवांनी!" म्हणून ते दिवसभर चडफडत होते.

तिने सही केली नाही. पदवीवर पाणी सोडलं आणि डाव्या हाताने लेख लिहून वर्तमानपत्रात नेला. विज्ञानाचं पान बघणाऱ्या बाई म्हणाल्या, "उंदरांपर्यंत झकास. खणाचं तेवढं काढ."

"मग सगळंच परत द्या. उंदीर का भांडले ते छापायचं, आणि ते दडपायला माझी बोटं मोडली ते गाळायचं? हे कसलं विज्ञान, बाई?"

बाईंनी कपाळाला हात लावला, वकिलाला फोन केला आणि लेख अख्खा छापला.

रविवारी बाबा तो मोठ्याने वाचत होते, शेजाऱ्यांनाही ऐकू जावा म्हणून. खणापाशी आले आणि वाक्य अर्धवट सोडून उठले, पेपर हातातच. दुसऱ्या हाताने त्यांनी हातोडा उचलला.

"बाबा, कुठे?"

"त्याचे हात मोडायला."

ती दारात आडवी उभी राहिली, प्लास्टरमधला हात त्यांच्या छातीवर दाबून. "त्याला मी सोडलेलं नाही. आधी पुढचं वाचा."

बाबांनी हातोडा खाली ठेवला. मग पेपर त्यांनी तिच्यापुढे धरला.

"तूच वाच गं. मला काही दिसत नाहीये."