लेकीसाठी वकील

त्या दिशी आमच्या ओट्यावर थोरला लेक व्हता, धाकटा लेक व्हता. थोरली सून दारात उभी, धाकटी आत चहा करू राह्यली व्हती. माझा सख्खा भाऊ आल्ता, पोरांचा मामा, त्याला बाज टाकून दिल्ती. त्याच्या बाजूला खुर्चीवर जाफराबादचा वकील. माझी लेक खांबाला टेकून बसल्याली. आन मी. बाकी कोणी नव्हतं. उद्या कोणी म्हणलं की म्हातारीनं गाव जमा करून तमाशा केल्ता, तर ते खोटं हाय.

लेकीचं सांगते. लहानपणी तिला ताप आला, तो मेंदूत गेला. आमी ऊसतोडीला गेल्तो, फडावर दवाखाना कुठला? पोरगी वाचली, पण डोकं तिथंच राह्यलं. आता केस पांढरे झाले तिचे, तरी लहान पोरीवाणीच हाय. शेण काढती, कापूस येचती, भांडे घासती. कोणी मोठ्यानं वरडलं की कानावर हात ठिवती आन तशीच बसून राहती. लगीन झालं न्हाई. माझ्या माघारी तिनं कुठं जायचं, एवढा एकच घोर हाय मला. मरणाचा न्हाई.

नवऱ्याची वडिलांपासूनची जमीन दोघा लेकांनी कव्हाच वाटून घेतली. राह्यली दोन एकर. ती माझ्या नावावर हाय, ऊस तोडून तोडून घेतल्याली. मालक जाताना म्हणले व्हते, ही पोरीच्या पोटाला राहू दे. म्हणून मला वसियत करायची व्हती. लेक जिती हाय तवर त्या वावराचं पीक तिच्यासाठी, तिच्या माघारी नातवांना. लेकांचं यात काय जात व्हतं? काहीच न्हाई. नुसतं थांबायचं व्हतं. पण बहिणीसाठी थांबायला कोणाला जमतं?

वकील मामानं आणला. आमच्याकडं असंच हाय. सोयरीक असो का खटला, आधी आपल्यातला माणूस पाहायचा. हा मामाच्या साडूचा पोरगा. म्या म्हणलं आपल्यातला हाय, बरं झालं. आपल्यातला म्हंजे नेमका कोणातला, हे म्या इचारलं न्हाई. तिथंच फसले.

त्यानं घरूनच लिहून आणल्तं. वाचाय लागला. दोन एकर दोघा भावांना सारखी. बहिणीचा सांभाळ भाऊ करतील, तिला अन्नवस्त्र देतील, दरसाल साडीचोळी करतील.

म्या इचारलं, "आन न्हाई केलं तर?"

वकील हासला. "मावशी, घरचीच माणसं हायेत. भाऊ हायेत तिचे, वैरी थोडेच?"

"ते मलाबी ठाव हाय. न्हाई केलं तर तिनं कोणाकडं जायचं, ते लिव्ह."

थोरला म्हणला, "माय, तू आमाला काय समजू राह्यली? पाहुण्यासमोर इज्जत काढू नको."

"मंग तूच लिहून दे. न्हाई सांभाळलं तर जमीन वापस देईन म्हणून."

थोरल्यानं मामाकडं पाह्यलं. धाकटा तर आल्यापासून मोबाइलातच व्हता. मामा बाजेवरून म्हणला, "आक्का, साडीचोळी लिवली ना त्याच्यात? अजून काय पायजे तुला?"

साडीचोळी म्हणला आन माझ्या अंगाची आग झाली. आमचा बाप गेला तव्हा ह्याच भावानं मला हक्कसोड लिहून द्यायला नेल्तं. बापाच्या जमिनीतला आपला वाटा बहिणीनं सोडायचा, भावानं तिला साडीचोळी करायची, मंग म्हणे माहेर उघडं राहतं. सही केली न्हाई तर त्या बहिणीला राखीला कोणी दारात उभं करत न्हाई. म्या सही केली. हिरवी साडी भेटली. मालक गेले त्या साली आमचं काहीच पिकलं न्हाई, तव्हा मी ह्या लेकीला घेऊन माहेरी गेल्ते. सुगीपर्यंत राहू दे म्हणलं. भावजयीनं वैरणीच्या खोपटात अंथरूण टाकून दिलं. पोरगी रात्री घाबरून रडायची, तर म्हणायचे, हिचं तोंड बंद कर. सुगी यायच्या आत भावानंच एसटीत बसवून दिलं. म्हणला, आक्का, तुझं घर ते हाय.

म्या त्याला म्हणलं, "भाऊ, तुझी हिरवी साडी एका पावसाळ्यात इरली. माहेर तिच्या आधी इरलं. माझ्या लेकीला तसली साडी नको."

धाकटी सून आतून फसकन हासली. थोरलीनं तिच्याकडं असं पाह्यलं की चहा काही बाहेर आलाच न्हाई. वकील कागद तसाच ठिवून निघून गेला, मामा त्याच्या मागं.

मंग मीच वकील धुंडाळाय लागले. जाफराबादला जायचं न्हाई, तिथं समदे मामाच्या वळखीचे. जालन्याला गेले. एक म्हणला, "आजी, मुलगा कुठंय? मुलाला घेऊन या, मग बोलू." म्या म्हणलं, जमीन माझी हाय. तो म्हणला, तरी पण.

दुसऱ्याला म्या ट्रस्ट म्हणलं. हा शब्द मला आमच्या गावच्या अंगणवाडीत काम करणाऱ्या बाईनं सांगितल्ता. ती बौद्धवाड्यातली, अंगणवाडी बी तिथंच. माझी लेक रोज सकाळी तिच्याकडं जाती, पोरांच्या खिचडीचं भांडं घासू लागती, तिथंच खिचडी खाती, दुपारी घरी येती. बाईनं कुठंतरी आयकलं व्हतं की असल्या लेकरांसाठी जमीन ट्रस्टमधी ठिवता येती. दुसरा वकील बाजूच्याला म्हणला, "आयकलं का, आजीला दोन एकराचं ट्रस्ट करायचंय!" दोघं हासले. "आजी, ट्रस्ट देवळाचं असतं, कॉलेजचं असतं. तुम्ही घरी जा, नातवंडं खेळवा." मी उठले. हासणाऱ्याच्या तोंडाकडं पाहायची सवय हाय मला, त्यानं काही व्हत न्हाई.

तिसऱ्या खेपेला लेकीला सोबत न्यावं लागलं. थोरलीनं सांगितलं, आम्ही हिला पाहणार न्हाई, तुमची तुम्ही न्या. म्हणून नेली. न्हाईतर माझ्या बी डोक्यात आलं नसतं.

हा तिसरा वकील बियाण्याच्या दुकानावरच्या खोलीत बसतो. म्हातारा, खोकत राहतो, बोलतो बी खेकसून. म्या समदं सांगितलं. त्यानं आयकून घेतलं आन माझ्याशी बोलणंच सोडलं. लेकीकडं वळला.

"ताई, चहा घेती का?"

ती म्हणली, "बशीत."

त्यानं बशीत वतून दिला. पिऊ दिला. मंग इचारलं, "जेवती कोणाकडं?"

"मायकडं."

"माय नसली तर?"

हे तिला आजवर कोणी इचारलं नव्हतं. म्या बी न्हाई. मला वाटलं आता रडंल. ती रडली न्हाई. म्हणली, "बाईकडं. खिचडी."

"कोण बाई?"

म्या सांगितलं कोण ते.

"आणि भावाकडं न्हाई का जाणार?"

तिनं बशी खाली ठिवली आन दोन्ही कानावर हात घेतले.

घरात काय चालू हाय ते मला ठाव नव्हतं असं न्हाई. पण परक्या माणसासमोर ते असं दिसलं, तव्हा वर पाहू वाटंना.

वकील म्हणला, "आजी, ट्रस्टी म्हणजे जमिनीचा मालक न्हाई. हिच्या वतीनं कारभार पाहणारा. तो कोण पाहिजे ते हिनंच सांगितलं. त्या बाईंना घेऊन या. त्या हो म्हणल्या तरच लिहीन." आन वर म्हणला, "कागद काही भाकर भरवत न्हाई. तुमच्या माघारी मुलं कोर्टात जातील. कागद असला तर हिच्या बाजूनं कोणीतरी उभं राहू शकंल, एवढंच." गोड बोलला न्हाई, म्हणून मला बरा वाटला.

बाई आधी न्हाईच म्हणली. "मावशी, तुमी मला लफड्यात ढकलू राह्यल्या. तुमचे लेक मला गावात जगू देतील का?" दुसऱ्या दिशी आपूनच आली. म्हणली, "येते मी. पण मला त्यातला एक दाणा नको, आन तसं वकिलाला लिहायला लावा. न्हाईतर लोक म्हणतील जमिनीसाठी केलं."

तसंच लिवलं. रजिस्टर केलं. माझे आन बाईचे फोटो काढले, अंगठे घेतले.

घरी कळलं त्या दिशी थोरला ओट्यावरून वरडला, "आपल्या वावराचा कारभार त्या वाड्यातल्या बाईकडं? गावात तोंड दाखवायला जागा ठिवली न्हाई!"

म्या म्हणलं, "तुझी बहीण त्याच वाड्यात रोज खाती, तव्हा तुझं तोंड कुठं व्हतं?"

मामाचा फोन आला. "आक्का, आजपासून तू मेली मला."

"बरं झालं," म्हणलं, "साडीचा खर्च वाचला तुझा."

तव्हापासून आमची चूल येगळी. दिवाळीला लेकांच्या घरून ताट आलं न्हाई. नातवंडं दारावरून जातात, त्यांना इकडं पाहू देत न्हाईत. लेक इचारती, दादा कामून बोलत न्हाई? मी सांगत न्हाई. ट्रस्ट टिकंल का मोडंल, मला म्हाईत न्हाई. मी पाहायला नसंल. बाईला आतापासूनच लोक टोचू राह्यले, ती किती दिस सोसंल ते बी म्हाईत न्हाई.

वाचणाऱ्याला माझं एवढंच म्हणणं हाय. तुमच्या घरात असं लेकरू असंल तर वकिलाकडं जाताना त्याला सोबत न्या. वकील त्याच्याशी बोलला न्हाई, तर तिथून उठा आन दुसरा पाहा.