खुराड्याची वास्तुशांत

“ती पिल्लांला गुड मॉर्निंग म्हणून राहिली असंल,” काका पत्र्याच्या भिंतीपलीकडे कुणाला तरी सांगत होते आणि ऐकणारा खिदळत होता. मी तेव्हा न्हाणीशेजारच्या खोलीत गुडघ्यांवर बसून पिल्लांवरच्या बल्बची दोरी चार बोटं वर घेत होते. पिल्लांना मी काहीच म्हणत नव्हते. त्यांच्याशी बोलावं लागत नाही, म्हणून तर मला ती आवडायची.

मी हिंगोलीत इंग्रजी शाळेत शिकले, तेव्हापासून घरच्यांची समजूत आहे की मला मराठी अर्धंच कळतं. त्यामुळे ते माझ्यादेखत काहीही बोलतात. मला सगळं कळतं. फक्त बोलायची वेळ आली की वाक्य आधी इंग्रजीत जुळतं, मग मराठीत, आणि तोवर समोरचा चहा संपवून उठलेला असतो.

पिल्लं काकांनी मागवली होती. गावरान जातीची शंभर, एका दिवसाची, भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यांतून आलेली. खोक्यांबरोबर स्वतःचा फोटो काढून काका आखाडा बाळापूरच्या बाजाराला निघून गेले. कोंबडीपालनातला त्यांचा वाटा पुढचे दोन आठवडे एवढाच होता. घरात रिकामी मी. कॉलेज संपलेलं, नोकरी नाही, स्थळं बघणं चालू. म्हणून पिल्लं माझ्याकडे आली.

मी पत्रा गोल वाकवून कडं केलं, आत सॉ मिलमधला लाकडाचा भुसा पसरला, वर बल्ब टांगला. पिल्लं बल्बखाली गोळा झाली की त्यांना थंडी वाजते आहे, कड्याला जाऊन चिकटली की उकडतं आहे, आणि सगळीकडे विखुरून टिपत असली की ठीक चाललं आहे. इतकं साधं आहे. लाईट गेली की मी शेगडीतले निखारे घमेल्यात घेऊन कड्याबाहेर ठेवायची. दोन आठवड्यांत एकही पिल्लू गेलं नाही. याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही, आणि मी तशी अपेक्षाही ठेवली नव्हती.

सोळाव्या दिवशी काकांनी पंचांग पाहिलं. पौष लागत होता. पौषात नवं काही सुरू करायचं नसतं, त्यामुळे खुराड्याचं उद्घाटन त्याच्या आत उरकायला हवं होतं. खुराडं तयार होतं: मागच्या अंगणात, तीन बाजूंना जाळी, वर पत्रा, आत मातीची जमीन, बल्ब नाही. पिल्लांना पंख फुटले होते, पण पोटावर आणि मानेवर अजून नुसती लव होती. थंडी अशी पडली होती की सकाळी हापशाचा दांडा हातात धरवत नव्हता. अजून दोन आठवडे तरी त्यांना बाहेर काढायचं नव्हतं. मी आईला तसं सांगितलं. आईनं काकांना सांगितलं. काकांनी मला बोलावलं नाही, आईलाच उत्तर दिलं, पण माझ्याकडे बघत.

“आमच्या मायच्या कोंबड्या काय लाईटीवर वाढल्या व्हत्या? हिच्या शाळेत फी भरून हेच शिकवलं का?”

आजीच्या पिल्लांवर कोंबडी बसायची, तिच्या पंखाखाली ऊब असायची, आणि यांच्यावर बसायला कुणी नाही. हे मला सांगता आलं असतं. वाक्य तयार होईपर्यंत काका मोटारसायकलला किक मारत होते.

उद्घाटन म्हणजे काकांनी पिल्लांची वास्तुशांतच मांडली. जाळीला आंब्याची पानं, दाराला कुंकवाची बोटं, फोडायला नारळ. उद्घाटनाला तालुक्याहून पंचायत समितीचे साहेब येणार म्हणून आईला खुराड्याची जमीन सारवायला सांगितली. आईचा सारवण्यात हात चांगला आहे. बोटांचे अर्धगोल एकासारखा एक उमटतात, आणि तिलाही ते माहीत आहे. तिनं दोन पाट्या शेण आणि दोन बादल्या पाणी घालून दाट सारवलं, वर दारात रांगोळी काढली. कोंबड्या जिथं हगणार तिथं. मला हसू आलं, पण जमिनीवर तळहात टेकवला तेव्हा थांबलं. जमीन ओली होती आणि गार होती. मी आईला म्हटलं होतं भुसा टाकू. काका म्हणाले, भुशानं सारवण झाकून जाईल, फोटोत काय दिसणार?

साहेब आलेच नाहीत. दुपारी फोन आला की मीटिंग आहे. मुहूर्त टळू नये म्हणून काकांनी स्वतःच नारळ फोडला आणि मला डालगं भरून पिल्लं आणायला सांगितली. मी डालगं घेऊन दारात उभी राहिले आणि “काका” म्हटलं.

“बोल की बाई. इंग्लिशमधी बोल, आमी समजून घेऊ,” ते म्हणाले. त्यांचे दोन दोस्त हसले. आई पदराच्या टोकाशी चाळा करत खाली बघत होती.

मी बोलले नाही. पाच फेऱ्यांत शंभर पिल्लं त्या सुंदर सारवलेल्या जमिनीवर सोडली. फोटो निघाला. काकांनी तो गावच्या ग्रुपवर टाकला आणि संध्याकाळपर्यंत हात जोडल्याची चित्रं मोजत बसले.

सकाळी पिल्लांचा कोपऱ्यात ढीग झाला होता. गारठली की ती एकमेकांच्या अंगावर चढतात, आणि खालची चेंगरतात. खालची एकवीस चपटी झाली होती, त्यांच्या पोटांची लव शेणाला चिकटलेली. मी उरलेली ओढणीत घालून पुन्हा बल्बखाली नेली. त्यातली आणखी सहा दुपारपर्यंत गेली. काका ढिगापाशी येऊन उभे राहिले. मग म्हणाले, “नजर लागली. ग्रुपवर फोटो टाकायला नव्हता पाहिजे.”

इतक्या लवकर, इतकं सोयीचं कारण शोधणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. दुपारी दाराला लिंबू-मिरची बांधली गेली. ग्रुपवर फोटो कुणी कुणी पाहिला आणि त्यातल्या कुणाची नजर लागली असेल याची यादी दोन दिवस चालली. त्या यादीत जमीन नव्हती. मी यादी ऐकत बल्ब खाली-वर करत होते. काकांची मला कीव येत होती, आईची चीड येत होती, आणि माझ्याबद्दल जे वाटत होतं त्याला या दोन्हींपेक्षा वाईट शब्द लागेल.

पाचव्या दिवशी साहेब आले. पौष लागला होता, पण साहेब आल्यावर पौषाचं काही चालत नाही. आईनं पहाटेच पुन्हा सारवलं, तितकंच दाट. काकांनी साहेबांना शाल घातली, नारळ दिला आणि नजरेची सगळी हकिकत सांगितली. साहेब शहरात शिकलेले, हातात भलं मोठं घड्याळ. त्यांनी गंभीर मान हलवली आणि आपल्या मेहुण्याच्या म्हशीलाही असंच झालं होतं म्हणाले. मग फोटोसाठी जाळीपाशी सरकले.

“आण पोरी डालगं,” काका म्हणाले. “साहेबांच्या हातून पयलं पिल्लू सोडू.”

डालगं माझ्या कमरेवर होतं, आत उरलेल्या त्र्याहत्तरांतली पंधरा-वीस पिल्लं. दारापाशी मी वाकले आणि तळहात जमिनीवर टेकवला. उठले तेव्हा हाताला शेण लागलं होतं. साहेबांनी पिल्लासाठी हात पुढे केला होता. आई माझ्याकडे बघत होती. गप ऱ्हाय, असं ती डोळ्यांनी म्हणते तेव्हा डोळे बारीक करते. तिनं केले. मी डालगं मागं घेऊन त्यावर ओढणी टाकली, आणि या वेळी वाक्य जुळायची वाट पाहिली नाही.

“पिल्लं आत जाणार नाहीत. जमीन ओली आहे. त्या दिवशीही ओली होती, मला माहीत होतं, आणि मी बोलले नाही. म्हणून मेली ती.”