मुलींना हाक मारणारी नागम्मा

आमच्या नांदेडच्या मुलींच्या शाळेत नागम्मा नावाची बाई होती. सकाळी घरोघर जाऊन मुलींना हाक मारायची, सगळ्यांना एका घोळक्यानं शाळेत आणायचं आणि शाळा सुटली की परत दारापर्यंत पोचवायचं, एवढंच तिचं काम. निजामी अमलात मुलींच्या शाळांना अशी बाई सरकारातून मिळायची. उर्दूत तिला 'मामा' म्हणत. हिरव्या लुगड्यातल्या, हातभर गोंदलेल्या बाईला मामा म्हणायचं, याचं आम्हा मराठी मुलींना फार हसू यायचं. म्हणून आम्ही तिला नागम्माच म्हणायचो.

ती मूळची देगलूरकडची, तेलुगू बोलणारी. नवरा हैदराबादेला कामाला म्हणून गेला तो परतला नाही. नागम्मानं कुंकू पुसलं नाही आणि वाटही पाहिली नाही. तिला मूलबाळ नव्हतं. सोनाराच्या घरामागे एका खोलीत राहायची.

शाळा उर्दू. मुली मात्र सगळ्या प्रकारच्या. मी ब्राह्मणाची, सौदामिनी. वडील कोर्टात पेशकार. गुरुद्वाऱ्याजवळची हरनाम शिखांची, इतवाऱ्यातली बिल्किस अत्तरवाल्यांची. शिवाय तेलुगू कोमट्यांच्या मुली, एकदोन मारवाडी. मुलींना एकटं रस्त्यावर सोडायची कुठल्याच घरात पद्धत नव्हती. नागम्मावर मात्र सगळ्यांचा भरवसा. तिची हाक आली की आई वेणीची शेवटची गाठ घाईनं मारायची.

आश्विन लागला की आमच्या शाळेला वेगळीच कळा यायची. मोठ्या उस्तानी, म्हणजे मुख्याध्यापिका, अख्तरुन्निसा आपा शिस्तीच्या कडक होत्या, पण सणाच्या बाबतीत त्यांचा हात सैल होता. अभ्यास संपल्यावर अंगणात काय करायचं ते करा, म्हणायच्या. मग मराठी मुली भुलाबाईची गाणी म्हणायच्या. नागम्मा तरवडाची पिवळी आणि कुरडूची पांढरी-गुलाबी फुलं आणून थरावर थर रचायची. ही तिची बतुकम्मा, फुलांची देवी. तिच्याभोवती फेर धरून आम्ही टाळ्या वाजवायचो. गाणी तेलुगू, अर्थ कुणालाच कळायचा नाही, पण हरनामचा आवाज सगळ्यात मोठा असायचा.

एक्केचाळीस साली नवरात्र आणि रमजान बरोबरच सुरू झाले. त्याच दिवसांत नागम्मा तरवड तोडायला ओढ्याकाठी गेली आणि दरडीवरून घसरून पडली. नडगीचं हाड मोडलं. हाडवैद्यानं बांबूच्या कांबी लावून पाय बांधला आणि दिवाळीपर्यंत खाटेवरून उतरायचं नाही, असं बजावलं.

दुसऱ्या दिवशी आमच्या दारात हाक आली नाही. आणखी कुणाच्याच दारात आली नाही. शाळेत जवळच्या तेवढ्या मुली गेल्या, बाकीचे वर्ग ओस पडले. आमच्या घरात तारामती आत्याचा शब्द चाले. ती वडिलांची थोरली बहीण, विधवा, सोवळ्याची कडक. तिनं सरळ सांगितलं, नागम्मा नाही तर शाळा नाही. मला रडू आलं, पण ऐकणार कोण.

आपांना दुसरी मामा ठेवता आली असती. वरूनही तसंच सुचवलं होतं म्हणे. त्यांनी ते मनावर घेतलं नाही. दुसरी ठेवली तर नागम्माची जागा गेली, हे त्यांना ठाऊक होतं. मग त्यांनी जे केलं ते नांदेडात तोवर कुणी पाहिलं नव्हतं. शाळा सुटल्यावर, रोजा असताना, बुरखा घालून त्या स्वतः गल्लोगल्ली निघाल्या.

आमच्या ओसरीशी त्या आल्या तेव्हा ऊन कलतं होतं, तरी उकाडा होता. बुरख्याचा पडदा वर केला तर ओठ सुकून पांढरे पडलेले. आत्या आतून आली. तिचेही नऊ दिवसांचे उपास चालले होते. 

"बसा," आत्या म्हणाली. "पाणी विचारत नाही, तुमचा रोजा असेल."

आपा ओसरीच्या कडेला टेकल्या. मुलगी पाठवा, असं काही त्यांनी म्हटलं नाही. नागम्माचा पाय बरा होईल, पण तोवर वर्ग रिकामे राहिले तर तिची नोकरी कशी राखायची, एवढंच त्यांनी विचारलं.  आत्या म्हणाली, "मी हिला गुरुद्वाऱ्यापर्यंत सोडीन. पुढचं तुमचं तुम्ही बघा."

पुढचं हरनामच्या आईनं बघितलं. तिला सगळे बीजी म्हणायचे, उंचपुरी आणि मोकळ्या आवाजाची. ती आम्हा दोघींना आणि वाटेतल्या मुलींना घेऊन इतवाऱ्यात बिल्किसच्या दारापर्यंत यायची. तिथून बिल्किसची अम्मी बुरखा घेऊन सगळ्यांना शाळेत पोचवायची. तिला याआधी दिवसाउजेडी पायी बाहेर पडलेलं कुणी पाहिलं नव्हतं. दुसऱ्या बाजूनं कोमट्यांच्या बायकांनी तशीच साखळी धरली. पहिले काही दिवस आत्या परत आली की अंघोळ करायची. मग नुसते पाय धुवायला लागली. दसरा झाल्यावर तर बीजीशी बोलत उभी राहायची आणि घरी स्वयंपाकाला उशीर व्हायचा.

नागम्माच्या खोलीतही कुणी ना कुणी असायचंच. आमच्याकडून वरईचा भात जायचा, गुरुद्वाऱ्यातून लंगरची डाळ-रोटी, बिल्किसकडून रोजा सोडायच्या वेळची भजी आणि खजूर. नागम्मा म्हणायची, "पाय मोडला आन माझं अंग भरून राहिलंय."

अष्टमीला बतुकम्माचा शेवटचा दिवस. आपांनी शाळा लवकर सोडली. आम्ही फुलं जमवली. आमच्या परसातला झेंडू, बिल्किसकडचा तेरडा, आणि तरवड हरनामच्या भावानं घोड्यावरून आणून दिला. अंगणात आम्हीच थर रचले आणि ते ताट सांभाळत नागम्माच्या खोलीवर नेलं. बतुकम्मा एका बाजूला कललेली, जणू आत्ता पडते की मग. नागम्मानं ती पाहिली आणि आम्हाला रागावलीच. अशी वाकडी देवी नदीला द्यायची का, म्हणाली. ताट खाटेवर घेतलं, सगळे थर काढले आणि बसल्या बसल्या पहिल्यापासून रचले. आम्ही फुलं हातात देत होतो. शेवटचं फूल टोकावर ठेवून झाल्यावर ती म्हणाली, "मला लेकरू न्हाई म्हनून लोकं हळहळत्यात. त्येंला काय ठावं."

मग तिनं तोंड भिंतीकडं केलं. बीजी आम्हाला नगीना घाटावर घेऊन गेली. आम्ही बतुकम्मा गोदेत सोडली, आणि नागम्मानं शिकवलेली गाणी येतील तशी म्हटली.

दिवाळी झाली आणि तिच्या पाठोपाठच ईद आली. सुट्टी संपून शाळा उघडली त्या दिवशी नागम्मा काठी टेकत आपांच्या खोलीत गेली. दारात गर्दी करून आम्ही ऐकत होतो. ती निरोप घ्यायला आली होती. मुली तिच्याशिवाय येतात हे तिनं महिनाभर ऐकलं होतं. त्याचा तिला आनंद होता, आणि रात्री झोपही लागत नव्हती. ती म्हणाली, "आपा, लेकी आपल्या पायानं येऊन राहिल्या. आता फुकटचा पगार कशाला घिऊ?"

आपांनी तिला आधी बसवलं. "ज्या येतात त्यांना त्यांच्या आया आणतील," त्या म्हणाल्या. "ज्या कधी आल्याच नाहीत, त्यांना कोण आणणार? तिथं मी गेले तर दार लावून घेतील. तू हाक मार."

पाय भरून आल्यावर नागम्मा गिरणी कामगारांच्या चाळीकडं जायला लागली. तिथल्या मुली भावंडं सांभाळायच्या, शाळा त्यांनी लांबूनच पाहिलेली. बऱ्याच दारांतून ती रिकामी परतली. काही आयांनी तिला शिव्याही दिल्या. पण संक्रांतीच्या सुमारास ती दोन पोरींना धरून फाटकातून आत आली. त्यातली एक, साखरा, कडेवर धाकटा भाऊ घेऊनच वर्गात बसली. आपांनी ते चालवून घेतलं.

पुढे दिवस वाईट आले. रझाकारांच्या काळात आमच्या गल्ल्यांतली येजा थांबली, अत्तरवाले हैदराबादेला गेले, आपांची बदली झाली. सगळं पूर्वीसारखं झालं, असं मी म्हणणार नाही. पण त्याही दिवसांत बीजी संध्याकाळी एकदा तरी आमच्या ओसरीवर येऊन आत्याची विचारपूस करून जायची. बिल्किसच्या अम्मीची खुशाली आत्या येणाऱ्याजाणाऱ्याला विचारत राहायची.

साखरा पुढे सरकारी दवाखान्यात सुईण झाली. मी मास्तरीण होऊन निलंग्याला गेले. माझ्या पहिल्या शाळेत अशी बोलावणारी बाई नव्हती. मुली येईनात, तेव्हा मीच सकाळी गल्लीत निघाले. पहिल्या दारात हाक मारायची मला लाज वाटली. दुसऱ्या दारात कमी वाटली. तिसऱ्या दारातून एक मुलगी पाटी घेऊन बाहेर आली, आणि तिच्या आईनं मला आत बोलावून चहा दिला.