चाकामागचा दगड

योगेशचा फोन आला तेव्हा मी नंदुरबारच्या घरी तुरीच्या शेंगा सोलत बसले होते. योगेश म्हणजे माझा भाचा, थोरल्या भावाचा एकुलता एक मुलगा. सकाळी तो कधी फोन करत नाही, त्या वेळी तो केळीच्या बागेत असतो. "फुई," तो म्हणाला. आत्याला आमच्याकडे फुई म्हणतात. "फुई, आप्पा गयात. तोरणमाळले. गाडी सरकनी." माझ्या तोंडून निघालं, "कोनती गाडी? जीप?" तो म्हणाला, "नही. नवी." आणि फोन बंद झाला. भाऊ गेल्याचं ऐकून बहिणीने गाडी कोणती ते विचारावं, हे कुणाला चमत्कारिक वाटेल. आप्पाला ज्यांनी पाहिलं होतं त्यांना नाही वाटणार.

शहाद्याजवळच्या आमच्या गावात आप्पाने जीप आणली तेव्हा मी हायस्कूलला होते. कुठल्याशा सरकारी खात्याने लिलावात काढलेली, कापडी टपाची, दारं नसलेली. मूळचा रंग कोणता होता ते तिलाही आठवत नसावं. वडील ओसरीतून उठून तिच्याभोवती एक फेरी मारून आले आणि म्हणाले, "बैल बरा व्हता." पण आप्पा तिच्यावर असा काही फिदा झाला, की वहिनी लग्न होऊन आली तेव्हा तिला वाटलं, आपण दुसरेपणावरच आलो! हॅण्डब्रेक तिला जन्मजात नव्हता म्हटलं तरी चालेल. एक दांडी होती, ओढली की नुसती हातात यायची. त्यावर आप्पाचा उपाय ठरलेला. चढावर थांबायचं झालं की गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवून इंजिन बंद करायचं, आणि मागच्या चाकाला दगड लावायचा. गोमाई नदीच्या पात्रातून त्याने स्वतः शोधून आणलेला तो काळा दगड नारळापेक्षा थोडा मोठा, एका अंगाने चपटा होता. तो सांभाळायचं काम माझं. मी मागे दगड मांडीवर घेऊन बसायची. आप्पा ओरडला, "उतर!" की उडी मारायची, चाकामागे दगड सारायचा. मला तो दगडवाली म्हणायचा. मी शिक्षिका झाले, मुख्याध्यापिका होऊन निवृत्त झाले, तरी फोनवर त्याचा पहिला शब्द तोच असायचा.

तोरणमाळला आम्ही कितीदा गेलो त्याला गणती नाही. वर डोंगरात आप्पाचा मित्र होता, जयसिंग पावरा. दोघांची भाषा निम्मी निम्मी जुळायची, बाकीचं विडीवर भागायचं. आम्ही केळी घेऊन जायचो आणि येताना सीताफळं, चारोळी, मोहाची फुलं. जयसिंगची बायको अडली होती तेव्हा तिला याच जीपमधून खाली आणलं. भर पावसात, घाटात दरड आलेली असताना. आप्पाने गाडी दगडगोट्यांवरून अशी काही काढली की मी डोळे मिटून घेतले होते. आई आणि बाळ दोन्ही वाचली. अशा गोष्टींवरच जीपची कीर्ती उभी होती, आणि ती खोटी नव्हती. पण माणूस गेल्यावर सगळंच गोड करून सांगायची आपल्याकडे रीत आहे, ती मला जमत नाही. त्याच जीपचं स्टिअरिंग एकदा चालत्या गाडीत सुटलं आणि आम्ही सगळे उसात शिरलो. ऊस नसता आणि विहीर असती तर हे लिहायला मी उरले नसते. ब्रेक तीनदा दाबल्याशिवाय लागत नसे. आम्ही हे किस्से लग्नकार्यात हसत हसत सांगायचो. आप्पा छाती फुगवून म्हणायचा, "इले मन्हा हात समजस." खरं तर तोच तिचे सगळे दोष समजून घेत होता, आणि त्याचे हातपाय त्या दोषांनाच सरावले होते.

साठी उलटल्यावर आप्पाचा डावा गुडघा गेला. जीपचा क्लच म्हणजे उखळात पाय घालण्यासारखं काम. संध्याकाळी वहिनी तेल चोळत बसायची आणि तो दात आवळून म्हणायचा, काही नही, काही नही. योगेशला ते बघवेना. केळीला भाव चांगला लागला त्या वर्षी त्याने बापाला न विचारता नवी गाडी घेऊन टाकली. आजकाल त्या निघाल्या आहेत ना, जुन्या जीपच्या तोंडावळ्याच्या... गोल दिवे, समोर उभ्या पट्ट्या, चौकोनी पाठ, मागच्या दारावर टांगलेलं चाक. आत मात्र सगळं नवं. थंड हवा, समोर टीव्हीसारखा पडदा, आणि बापाच्या गुडघ्यासाठी मुद्दाम क्लच नसलेली, ऑटोमॅटिक गिअरची. दुसरी एखादी गुळगुळीत मोटार आणली असती तर आप्पाने तिच्यात पाय टाकला नसता, हे योगेशला पक्कं ठाऊक होतं. गाडी अंगणात आली त्या दिवशी मी तिथे होते. वहिनी हळदीकुंकवाचं ताट घेऊन उभी. आप्पा गाडीच्या दिव्यांवरून, बॉनेटवरून हात फिरवत राहिला, आणि त्याचा चेहरा लहान पोरासारखा झाला. "योग्या, हाई ते आपलीच शे रे!"

ते वाक्य आता माझ्या कानात रुतून बसलं आहे.

त्यानंतरची शेवटची भेट दिवाळीनंतरची. आप्पाने मला त्या गाडीतून शहाद्याला नेऊन आणलं. बसायला सुख होतं, खोटं कशाला बोलू. पाठीला खड्डा कळला नाही. पण गाडी सारखी काहीतरी वाजवायची. पट्टा लावा, दार लावा, मागे काही आहे, पुढे काही आहे. मी म्हटलं, "अरे, ती काय सांगते ते बघ तरी." तर म्हणाला, "जास्त बोलस हाई. तुन्ही वहिनी बरी." वहिनी मागच्या सीटवरच होती. तिने पिशवीतला भोपळा त्याच्या पाठीत हाणला. घरी आल्यावर मी मागचं दार उघडलं तर सामानाच्या जागेत, गालिच्यावर, गोमाईचा तो दगड! मी हसत सुटले. योगेश कपाळाला हात लावून म्हणाला, "आप्पा, कितलांदाव सांगू? पार्किंगमा टाकानं, हॅण्डब्रेक ओढाना. दगड कसाले?" आप्पा नुसता मिशीत हसला. इतकी वर्षं दांडी कधी ओढलीच नव्हती, तो हात तिकडे जाणार कसा?

ज्या दिवशी गेला त्या दिवशी योगेश त्याच्याबरोबर जाणार होता. पण बागेत केळीचा ट्रक भरायला लागला आणि आप्पा एकटाच निघाला. पुढचं जयसिंगने डोळ्यांनी पाहिलं. तो आपल्या दारात उभा होता. त्याच्या घराखालच्या चढावर आप्पाने गाडी उभी केली. आयुष्यभर केली तशीच, गिअरचा दांडा पुढे जायच्या गिअरवर ठेवला आणि चावी फिरवून इंजिन बंद केलं. जुनी जीप अशी उभी केली की इंजिनच चाकांना धरून ठेवायचं. या गाडीत तसं काहीच धरत नाही. योगेश म्हणतो, असं केलं की ती जोरजोरात वाजते. वाजलीच असेल. आप्पाने तिचं ऐकणं कधीच सोडून दिलं होतं. चाकं जराशी खड्ड्यात टेकली होती म्हणून ती क्षणभर थांबलीही. तो उतरला, जयसिंगला हात केला, मागे गेला, दार उघडलं आणि दगड काढला. तेवढ्यात गाडी निघाली... आप्पाच्या पाठीमागे उंबराचं झाड होतं.

दहाव्याला जयसिंग खाली आला. टॉवेलात गुंडाळलेला दगड त्याने ओसरीवर ठेवला आणि मला म्हणाला, "दगड हातमाच व्हता, बाई. लावाना बाकी व्हता."

दुखवट्याला दारावर बसायला येणाऱ्यांनी निकाल केव्हाच देऊन टाकला होता. नव्या गाड्या म्हणजे नुसता शोभेचा पत्रा. जीप असती तर आप्पा आज असता. जो येईल तो हेच बोले, आणि योगेश कोपऱ्यात बसून ऐके. एकदा मला राहवलं नाही. शाळेतला आवाज चढवून मी म्हटलं, त्या जीपने आम्हाला उसात घातलं होतं तेव्हा कुठे होता तुम्ही? मला नव्या गाडीची वकिली करायची नाही. पण भावाला गमावलेली बाई म्हणून मी सांगते, ती जीपपेक्षा कशातही कमी नाही. चढते चांगली, थांबते चांगली. तिची रीत पाळली असती तर तिथेच उभी राहिली असती. माझा राग तिच्या तोंडावर आहे. दिसायला ओळखीची आणि वागायला परकी, अशी वस्तू म्हाताऱ्या माणसाच्या हातात का द्यावी? परकी दिसली असती तर आप्पा बिचकला असता, विचारत विचारत शिकला असता. ती आपलीच वाटली, म्हणून त्याने तिला काही विचारलंच नाही. आपल्याला जुन्या गोष्टींचं नुसतं रूप हवं असतं, आणि बनवणारे ते देतात. त्या रूपामागे एखाद्याच्या सवयी चालत येतील, याचा विचार कुणी करायचा?

हे सगळं मला कळतं, पण योगेशला समजावता येत नव्हतं. "फुई, गाडी मीच लई दिन्ही ना," एवढंच तो म्हणायचा. शहाद्याच्या एका ड्रायव्हरने गाडी खाली आणून अंगणात लावली, तिच्याकडे तो बघेना. विकेना, चालवेना. बागेत पायी जायला लागला. जेवण निम्म्यावर आलं. आणि वहिनी? तिने पहिल्या दिवशीच सांगितलं होतं, "माले ती गाडी दारमा नको." त्यानंतर मुलाशी ती गाडीचा शब्द बोलली नाही. फार तर जेवायला हाक मारायची. आई आपल्याला दोष देते, हे त्याने मनाशी धरलं होतं. आप्पा तर गेलाच, आता हा पोरगाही आमच्या डोळ्यांदेखत हातचा जातो की काय, या धास्तीने मी नंदुरबारला परत जाईना.

मागच्या आठवड्यात वहिनीला सकाळपासून चक्कर येत होती. रिक्षा मिळेना. मी योगेशकडे बघितलं, त्याने जमिनीकडे. शेवटी वहिनीच ओसरीच्या खांबाला धरून उठली, खुंटीवरची चावी काढली आणि त्याच्या हातात ठेवली. शहाद्यापर्यंत गाडी काय काय वाजत राहिली, आणि योगेशने तिचं प्रत्येक म्हणणं ऐकलं. रक्तदाब होता, गोळ्या मिळाल्या.

परत आलो. योगेशने गाडी अंगणात उभी केली, दांडा पार्किंगला नेला, हॅण्डब्रेक ओढला, आणि स्टिअरिंगवर तसाच हात ठेवून बसून राहिला. आमचं अंगण कसं, तर चेंडू ठेवला तर हलायचा नाही इतकं सपाट. वहिनी माझा हात सोडवून ओसरीकडे गेली. जयसिंगने ठेवलेला दगड तिथेच होता. तिने तो दोन्ही हातांनी उचलला, छातीशी धरून आणला, वाकली आणि मागच्या चाकाला नीट लावला. चपटी बाजू खाली, जशी मी लावायची.

योगेश घाबरून खाली उतरला. "माय, तू कसाले..."

"तू फिराव गाडी," पदराला हात पुसत ती म्हणाली. "घर उना की दगड मी लावसू."